खालचा फ्लॅट खाली आहे

आधीच सांगून टाकते – या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचत आले. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात... माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की ती पांढरी साडी धुतं कोण? आमच्या घरात कधी कोणी दृष्ट काढली नाही की अमावास्या बघून प्रवास टाळला नाही. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक होते. इंग्रजी फायलींचं हिंदी करायचं, तेही असं की वाचणाऱ्याने मुकाट्याने इंग्रजीकडे वळावं. असल्या कामात कल्पनाशक्ती वाढत नाही, असलेली मरते. तेव्हा पुढचं सगळं मी रचलंय असं कोणाला वाटलं तर सांगते, तेवढी माझी कुवत नाही.

मी मूळची नाशिकची, लग्न होऊन दिल्लीत आले. नवरा, सतीश, सरकारी इंजिनियर. दक्षिण दिल्लीत आमचं सरकारी क्वार्टर होतं – खालचा मजला, पुढे इवलंसं अंगण आणि अंगणात कडुलिंब. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. शाळेत मराठी शिकवण्यात तिची हयात गेलेली. हिंदी अगदीच मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी. कडुलिंबाखाली खाट टाकून स्वेटर विणणाऱ्या बायकांमध्ये ती बघता बघता मुरली. आजूबाजूच्या सगळ्या घरांतल्या सुनांची गाऱ्हाणी मला आईकडून मराठीत कळायची.

सरकारी क्वार्टरची एक गंमत असते. इतकी वर्षं राहून माणूस विसरूनच जातो की हे घर आपलं नाही. मग रिटायरमेंट येते आणि घर खाली करायची नोटीसही येते. क्वार्टर सतीशच्या नावावर होतं. माझ्या ग्रेडला मिळायचं तर रांग एवढी लांब की तोवर मीही रिटायर झाले असते. म्हणून घर शोधायला लागलो. दिल्लीत जे आम्हाला परवडत होतं त्याला खिडकी नव्हती, आणि ज्याला खिडकी होती ते परवडत नव्हतं. मग रविवारामागून रविवार नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद... शेवटी गाडी थांबली ती सिंघू बॉर्डर ओलांडून, जी. टी. रोडला लागून, सोनीपतच्या अलीकडे. पुण्याची नणंद फोनवर म्हणाली, "म्हणजे पानिपतच्या रस्त्यावर? अगं, आपल्या लोकांना ती दिशा लाभत नाही!" आणि पोटभर हसली. लगेच सांगते, या अनुभवात पेशव्यांचा कोणी सरदार येत नाही, घोड्यांच्या टापा नाहीत. ज्यांना ते हवंय त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. आईही बघायला आली होती, कठड्याला धरून सावकाश चढत होती, कारण लिफ्टला "अजून वीज जोडायचीय" होती. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तर प्रॉपर्टी डीलर उत्साहाने म्हणाला, "सबसे बढ़िया बात बताऊँ आंटी जी? नीचे वाला खाली है. बिल्कुल शोर-शराबा नहीं."

आईने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय हा? खालचा फ्लॅट खाली आहे? मग काय वर असणार होता?"

मी इतकी हसले की डीलर बिचारा गोंधळून गेला. हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं, हे आईला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मराठीच्या बाई होत्या त्या, संधी सोडणार नाहीत. पुढे कितीतरी दिवस सतीश जेवताना गंभीर चेहरा करून म्हणायचा, "आई, वरचा फ्लॅट वर आहे बरं का." घर घेतलं तेव्हा आम्ही असे हसत होतो, हे मुद्दाम सांगते.

हसण्यासारखं खरं तर फारसं नव्हतं. पाणी खारं, पिण्याचं टँकरचं. लिफ्ट सुरू झाली पण मूड असेल तेव्हा चालायची. क्लब हाउस आणि स्विमिंग पूल फक्त ब्रोशरमध्ये. शेतात पराळी, म्हणजे कापणीनंतरचे भाताचे खुंट, जाळायचे दिवस आले की खिडक्या बंद ठेवूनही घसा खवखवायचा. मेट्रो तेव्हा जहांगीरपुरीपर्यंतच होती. तिथवर शेअरिंग व्हॅनमध्ये कोंबून घ्यायचं आणि मग पुढे मेट्रो. सतीशने त्याच्याच ऑफिसात कन्सल्टंट म्हणून काम धरलं होतं, माझी नोकरी शिल्लक होती. सकाळी अंधुक असताना निघायचं, संध्याकाळी अंधारात परतायचं. हे सगळं चालवून घेतलं, सगळेच घेतात. "अपना घर है" असं म्हणायचं आणि टँकरच्या मागे बादली घेऊन पळायचं.

एका तडजोडीबद्दल मात्र आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. दिवसभर आई त्या घरात एकटी असायची. टॉवरमध्ये मोजकीच कुटुंबं राहायला आलेली, चौथ्या मजल्यावर आम्हीच आणि तिसऱ्यावर कोणीच नाही. कडुलिंब नाही, खाट नाही, गाऱ्हाणी सांगायला एक सून नाही. जी बाई रस्त्यावरच्या भाजीवाल्याला थांबवून त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करायची, ती दिवसभर गप्प बसून भिंत बघत असेल, या विचाराने ऑफिसात मला घास गिळवत नसे. घरी विचारलं तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय? रेडिओ आहे, पेपर आहे."

आता मुद्द्यावर येते.

माझी एक सवय होती. संध्याकाळी जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर पोचले की मी तिथूनच हाक मारायची, "आई!" तिला उठायला वेळ लागायचा. म्हणजे मी वर जाईपर्यंत ती दार उघडायला आलेली असायची. आतून तिचा आवाज यायचा, "आले गं!" आणि या दोन्हींच्या मधे, माझ्या हाकेच्या पाठोपाठ, आणखी एक "आई" ऐकू यायची. बंद दाराच्या आतून, खालच्या त्या रिकाम्या फ्लॅटमधून.

मी सतीशला सांगितलं. तो म्हणाला, "रिकाम्या खोल्या, फर्निचर नाही, पडदे नाहीत. एको येणारच." इंजिनियर माणूस, त्याने कागदावर आकृती काढून दाखवली. पटण्यासारखंच होतं. आवाज माझ्यासारखा नव्हता, जरा जाड होता आणि शेवट वर खेचलेला, "आईऽऽ" असा. पण एकोत आवाज बदलतो, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. पुढे मला त्याची सवय झाली. कधी कधी तर आईच्या "आले गं" आधी तो यायचा याचं बरंच वाटायचं, कोणीतरी जागं आहे असं.

दिवाळीला गौरी आली. गौरी आमची मुलगी, चंदिगढला शिकत होती. जन्म दिल्लीचा, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे हिंदी-मराठी खिचडी. मला मम्मा म्हणते. दारातूनच ओरडली, "आजी, मी आली!"

"आली नाही, आले," आजी आतून. "मी आले. 'आली' म्हणजे दुसरीच कोणी."

"यार आजी, मतलब कळला ना?"

"मला कळला. भाषेला कळला नाही."

हे दोघींचं गौरीच्या लहानपणापासून चालत आलेलं. आजी दुरुस्त करायची, नात दुसऱ्या क्षणी तीच चूक करायची.

दुसऱ्या दिवशी मी आणि गौरी बाजारातून सामान घेऊन येत होतो. लिफ्टचा मूड नव्हता. तिसऱ्या मजल्यावर मी सवयीने हाक मारली, "आई!" आतून आलं, "आईऽऽ". गौरी थबकली.

"मम्मा, इथे कोण राहतं?"

"कोणी नाही. एको आहे तो."

"एको काय? ती बोलली ना – आई. म्हणजे येतेय. तू बुलाया, उसने बोला, आई."

मी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. हिंदी घरात कोणी सुनेला हाक मारली की आतून ती काय म्हणते? "आई!" म्हणजे आपल्याकडचं "आले!" शब्द तोच. मी, सरकारी अनुवादक, दिवसभर हिंदीत बुडालेली, घराच्या जिन्यावर पाय ठेवला की माझे कान मराठी व्हायचे. इतके महिने मी माझीच हाक परत ऐकत होते. मुलीने पहिल्याच झटक्यात उत्तर ऐकलं.

सतीशने प्रयोग केले. जिन्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या, "आई" म्हणून ओरडला, "हॅलो" म्हणून ओरडला. काहीही आलं नाही, साधा एकोसुद्धा नाही. "हवेवर असतं," म्हणाला आणि आंघोळीला गेला. पण भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातून आवाज दिला, "गौरी! पानं घेतली!" आणि ओट्यामागच्या खिडकीतून, शाफ्टमधून, खणखणीत उत्तर आलं, "आईऽऽ!" शाफ्ट म्हणजे सगळ्या मजल्यांची बाथरूमं आणि स्वयंपाकघरं ज्या बोळात उघडतात, पाइपांची ती उभी पोकळी. गौरी खोलीतून धावत आली. सतीश वरणाचा डाव हातात घेऊन तसाच उभा. "गौरी" या हाकेचा एको "आई" येत नाही, एवढं फिजिक्स मलाही कळतं.

आई टेबलापाशी बसून चटणी वाढून घेत होती. शांतपणे म्हणाली, "तिला वाटलं तिलाच बोलावलं."

"कोणाला?" मी विचारलं.

"खालच्या बाईला."

"आई, खाली कोणी नाही. खाली आहे तो फ्लॅट."

"तेच म्हणतेय मी. खाली आहे ती." आणि मग आमचे चेहरे बघून, "अगं, मी काय रोज उठून तिच्याशी भांडते का? दुपारी भांडी घासताना बोलते चार शब्द. कामात असते बिचारी. कोणाचीही हाक आली की आई, आई करत सुटते. कधी पोचत मात्र नाही."

"तुला भीती नाही वाटत?" गौरीने विचारलं.

"कशाची? चांगल्या घरातली वाटते."

आम्ही घाबरलो, पण खालच्या बाईला नाही. आईला घाबरलो. म्हातारं माणूस एकटं राहून भ्रमिष्ट होतं हे ऐकलेलं होतं. आम्हाला ऐकू आलेला आवाज बाजूला राहिला आणि आई हवेशी गप्पा मारते हे एवढंच मनात घर करून बसलं. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वार विचारला, पंतप्रधान विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले. आईने, स्वतःचं हिंदी मोडकं असून, त्यांचंच हिंदीतलं लिंग दुरुस्त केलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहेत, पण एकटं ठेवू नका. हे सांगायला त्यांची गरज नव्हती.

नाशिकला माझा भाऊ मंगेश आहे. त्याच्या घरी माणसांचा राबता, पण वहिनीचं आणि आईचं कधी पटलं नाही. चार दिवसांत दोघी एकमेकींशी दारं आपटूनच बोलायला लागतात. तरी ठरवलं – थंडी सरली की मंगेश येऊन आईला घेऊन जाईल. मी तिला सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही.

"न्यायचं तर न्या," म्हणाली. "पण ऐकू येतं ते येत नाही असं मी म्हणणार नाही. मी खुळी झालेय म्हणून नेताय, हे मला कळत नाही असं समजू नकोस."

त्या दिवशी व्हॅनमध्ये बसून मी रडले. आईला पाठवायचं नव्हतं, आणि ठेवायचं तर कोणाच्या भरवशावर ठेवायचं? शेजारी बसलेल्या बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

मंगेश यायच्या आधीच आई पडली.

मी ऑफिसात होते. गार्डचा फोन आला. रामफल त्याचं नाव, आमच्या टॉवरखाली बसायचा. "मैडम, माताजी गिर गी. घबराना नहीं, मैं धोरे ही सूँ." मी इथे जवळच आहे, असं तो हरियाणवीत सांगत होता. आमच्या घराची एक किल्ली गार्डच्या केबिनमध्ये ठेवलेली होती, तिने त्याने दार उघडलं होतं. सतीश आणि मी आपापल्या ऑफिसातून कसे पोचलो ते आठवत नाही. तोवर रामफलने अँब्युलन्स बोलावून आईला सोनीपतच्या हॉस्पिटलात पोचवलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. ओल्या फरशीवर, या थंडीत संध्याकाळपर्यंत पडून राहिल्या असत्या तर सांगता येत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत म्हणजे आम्ही येईपर्यंत. हे ते बोलले नाहीत.

मी रामफलचे हात धरले आणि विचारलं, तुला कळलं कसं? तो म्हणाला, तो खाली शाफ्टच्या तळाशी टँकरच्या पाण्याचा वॉल्व्ह फिरवत होता. वरून बाईचा आवाज आला. "ओ भाई, ऊपर माताजी गिर गई हैं, जल्दी जा, मैं भी आई." त्याला वाटलं तिसऱ्या मजल्यावर कोणी नवीन भाडेकरू आलेत. तो आमची किल्ली घेऊन धावत वर निघाला. वाटेत तिसऱ्यावर बघतो तर कुलूप. "मैडम, वो तो खाली सै," तो मला सांगत होता, मी जणू त्याला काही समजावून देणार आहे अशा नजरेने.

ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आली, जरा बोलायला लागली, तेव्हा मी तिला विचारलं. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"बाथरूममध्ये पाय सटकला. तोंडातून निघालं, आई गं! आपलं सगळ्यांचं निघतं तसं. मी कोणाला हाक मारली नव्हती. पण ती म्हणाली, आई! मग म्हणाली, माताजी हिलना मत. मी म्हटलं, फार दुखतंय गं. तिला काय कळलं देव जाणे. पण बोलत राहिली. गाव कौन सा, बच्चे कितने, असं काहीबाही. मला झोप यायला लागली की हाक मारायची, माताजी, माताजी, सुन रही हो ना? तो गार्ड येईपर्यंत बोलत होती."

मंगेश आला, हॉस्पिटलात राहिला, परत गेला. आईला न्यायचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

सतीशला मात्र राहवेना. आमच्या फरशीतून खाली पाणी झिरपतंय का ते बघायचंय, असं कारण सांगून त्याने सोसायटीच्या मॅनेजरला गाठलं. फ्लॅटचा मालक कॅनडात. घेतला तसा टाकून ठेवलेला, एक दिवसही कोणी राहिलं नव्हतं. त्याची फोनवर परवानगी काढून मॅनेजरने कुलूप उघडलं. मीही गेले. दाराच्या हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. आत उघडं सिमेंट, दगडासारखी झालेली सिमेंटची पोती, स्वयंपाकघरात ओटा नाही, खिडक्यांना तावदानं नाहीत, कबुतरांनी केलेला सुखी संसार. जमिनीवर धुळीचा जाड थर आणि त्यावर कबुतरांच्या पावलांखेरीज फक्त आमचे पाय उठलेले. मॅनेजर म्हणाला, "बोला था ना जी, खाली है." सतीश वर आला, हात धूत राहिला, आणि त्यानंतर त्याने एको हा शब्द तोंडातून काढला नाही.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते – आम्ही चौकशी केली. त्या जागी पूर्वी काय होतं? शेत होतं, गव्हाचं. विहीर नाही, मसण नाही, कोणी बाई जळून मेली नाही, बांधकामात कोणी पडलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे चहा प्या. एवढीच माहिती मिळाली.

पुढे आईसाठी दिवसभराची एक बाई ठेवली. आई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायची, शाफ्टच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायची. ही बाई मला सांगायची, "माताजी खिड़की में मराठी बोलती रहती हैं." "कुछ जवाब आता है?" "मैंने तो नहीं सुना जी." मीही तेव्हा फारसं ऐकलं नाही. एकदा मी आईला विचारलं, काय बोलतेस गं तिच्याशी?

"शिकवतेय," आई म्हणाली. "मी म्हटलं, बाई, तू सारखं आई आई म्हणतेस, मला वाटतं मला माझ्या आईची हाक ऐकू येतेय. या वयात बरं नाही ते. आमच्यात आले म्हणतात. तर आता आली म्हणते. अगदी आपल्या गौरीसारखं. सांगून सांगून थकले, पण सुधारेल."

मी हसले. तिला बरं वाटावं म्हणून नाही, मला खरंच हसू आलं. तिचा वर्ग परत सुरू झाला होता.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आई गेली. छातीत कफ झाला, चार दिवस अंथरुणात होती, सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत गेली. घरीच, आम्ही जवळ असताना. तक्रार करावी असं काही नाही, पण आई ती आई. दिवस झाले, मंगेश आणि वहिनी परतले, गौरी गेली, दिवसभराच्या बाईचा हिशेब करून तिला साडी दिली. मी ऑफिसला जायला लागले.

पहिल्याच दिवशी परतताना लिफ्ट बंद. मी आपली चढत होते, डोक्यात कुठली तरी फाइल. तिसऱ्या मजल्यावर आले आणि तोंडातून गेलं, "आई!"

गेलं आणि मग कळलं. वरून "आले गं" आता कुठून येणार होतं? मी कठडा धरून उभी राहिले. खालच्या फ्लॅटचं दार माझ्यासमोर, कुलूप तसंच, हँडलवर प्लास्टिक तसंच. जिन्यात दिवा होता, उजेड भरपूर होता, तिकडे टँकरचा हॉर्न वाजत होता.

दाराच्या आतून तोच जाड आवाज आला.

"आली..."

जरासा थांबला. चूक झाली की माणूस थांबतो, तेवढाच. मग सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारत –

"आले. आले गं."

मी तिथेच पायरीवर बसले आणि आई गेल्यापासून रडले नव्हते तेवढी रडले. भीती? भीतीची आठवण नाही. सतीश वरून धावत आला, माझ्याशेजारी बसला, काय झालं म्हणाला. मी सांगितलं. तो बंद दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईंनी पास केलं असतं तिला."

आता मीही रिटायर झालेय. मेट्रो पुढे सरकली, भाव वाढले, तो जुना डीलर मधूनमधून फोन करतो, "मैडम, बेच दो, अच्छा टाइम है." सतीशला विचारलं तर म्हणतो तू ठरव. मी नाहीच म्हणते. खालचा फ्लॅट अजून खाली आहे – हे हिंदीत वाचा नाहीतर मराठीत, मला दोन्ही चालतं. त्या दिवसानंतर मला काहीही ऐकू आलेलं नाही. पुन्हा हाक मारून बघायचा धीर होत नाही. कोणी काहीच म्हटलं नाही तर, याचा धीर होत नाही.

याचा उलगडा आम्हाला झालेला नाही. इंजिनियर नवऱ्याला नाही आणि मला तर नाहीच. कोणी शास्त्रीय कारण सांगितलं तर ऐकून घेईन, वाद घालणार नाही. त्या घरात आईला दिवसभर एकटं टाकून आम्ही नोकऱ्या केल्या, हा काटा जन्मभर मनात राहिला असता. ती एकटी नव्हती. कशी, ते मला माहीत नाही, पण नव्हती.